पणज्याचं गाव

इंग्रजांच्या काळात माझं लग्न मोडता मोडता राहिलं, तेही गडूभर पाण्यावरून. मला पाहायला चार पाहुणे आले, नि मुलाच्या मामांनी पाण्याचा गडू दूर सारला. "पयले पोरीच्या पणज्याचं मूळ गाव सांगा, मंग पाणी."

बाबांनी आठवून पाहिलं. माझा पणजा रेल्वेच्या रुळाच्या कामाला आला नि मग शेतांसाठी बोड्या, म्हणजे लहान तळी, खोदत इथंच राहिला. कोणी म्हणे छत्तीसगडचा, कोणी म्हणे बुंदेलखंडचा.

"माहीत नाही जी," बाबा पुटपुटले.

मामा उठून जोडे शोधू लागले. मी दारातूनच ओरडले, "मामाजी, तुमचं धान ज्या बोडीवर पिकते, ते माह्या पणज्यानंच खोदली. धानाले त्याच्या हातचं पाणी चालते, तुमाले काऊन नाही चालत?"

मामा बसले. पाणी प्याले. गडू खाली ठेवताच मी विचारलं, "आता तुमच्या पणज्याचं गाव सांगा."

चारही पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.