पाचवं माणूस

नाही, पण तुम्ही मला आधी एक सांगा, कोणी तुमच्या हातावर फुकट काही ठेवलं तर तुम्ही हात मागे घेता का? नाही ना घेत... मग मीही नाही घेतला, आणि तेवढ्यावरून आज माझाच नवरा माझ्याकडे असा बघतो की जणू मी कुणाच्या पर्समध्ये हात घालताना सापडले. मी लोभी बाई नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुमचा गैरसमज व्हायचा.

तर तुम्हाला सांगते, मी चौथी शिकलेली. बावीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच मशीनवर शर्टाच्या कॉलर शिवते. नुसत्या कॉलर. बाह्या लावणारी वेगळी, खिसे लावणारी वेगळी, काजं करणारी वेगळी, अख्खा शर्ट मी जन्मात शिवलेला नाही आणि कुणी सांगितला तर मला तो येणारही नाही, हे आपलं आपल्यात. कॉलर मात्र अशी शिवते की टोक बोटाला टोचलं पाहिजे. आणि आमच्याकडे एक कटिंग मास्तर आहेत, कापडाचे थरावर थर लावून एकदम कापतात ना, ते. मोठे शहाणे. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारला, फोन टेबलावर असा ठेवला की जसा काही सोन्याचा पत्रा, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बाई, मी आता मालक आहे."

म्हटलं, कशाचे? तर म्हणे, ज्या कंपनीचे शर्ट आपण शिवतो त्या कंपनीचा, एक शेअर लवकरच माझ्या नावावर होणार, अख्खा, आणि तोही विकत नाही, बक्षीस.

आता मला सांगा, बावीस वर्षं त्यांच्या गिऱ्हाइकांच्या माना ताठ ठेवणार मी आणि मालक कोण होणार, तर हा, ज्याने तिरकं कापलेलं मी रोज ओढून सरळ करते? मला काही ते सहन झालं नाही. मास्तरांनी समजावून सांगितलं, एवढ्या प्रेमाने की बस. नवशिक्यांसाठी ॲप आहे, थोडे थोडे पैसे शेअरमध्ये घालायचे, नाव नोंदवलं की लगेच एक छोटं बक्षीस, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपल्या कोडवर पाच माणसं आणली की हव्या त्या कंपनीचा एक अख्खा शेअर आपला. मला वाटलं, बघा, माझ्या भल्यासाठी सुट्टी घालवतायत बिचारे. मी त्यांचं पाचवं माणूस होते, हे मागाहून कळलं.

घरी येऊन बसले फोन घेऊन. त्या ॲपमध्ये एक खारूताई आहे. शेपटी हलवत उड्या मारते आणि लहान पोराशी बोलावं तसं बोलते, थोडं थोडं साठवू या, मोठं झाड लावू या. मी म्हटलं, बाई गं, तू मुद्द्याचं बोल. तर विचारते, गुंतवणुकीचा अनुभव किती? काहीच नाही, थोडा, भरपूर. मी दोन मुलं वाढवली, एक नवरा सांभाळला, मी भरपूरवर बोट ठेवलं. खारूताईने तोंड पाडलं. म्हणे, हे ॲप नवशिक्यांसाठी आहे. घ्या! मुकाट्याने 'काहीच नाही'वर बोट ठेवलं. मग विचारते, जोखीम किती घेऊ शकता? कमी, मध्यम, जास्त. नवऱ्याला विचारलं, काय लिहू? त्याने टीव्हीवरून मान न वळवता सांगितलं, मी तुझ्याबरोबर सत्तावीस वर्षं काढली, जास्त लिही.

मग ओळखपत्र दाखवा, मग चेहरा दाखवा, मग डोळे मिटा, मग उघडा... एवढं सगळं करून मिळालं काय, तर एक कार्ड. ते बोटाने खरवडलं. आतून निघाला एका शेअरचा चाळिसावा भाग, संडासाच्या सीटची झाकणं करणाऱ्या कंपनीचा. चाळिसावा भाग म्हणजे तुम्हाला कळतंय का? आमच्याकडे कॉलरचा चाळिसावा भाग संध्याकाळी झाडूने गोळा करतात. आणि खारूताई टाळ्या वाजवतेय.

तेव्हाच बंद करायचं होतं. पण मला अख्खा हवा होता ना. मी लोभी बाई नाही, पण जन्मभर तुकडे शिवल्यावर एखादी गोष्ट अख्खी असावी असं वाटतं की नाही माणसाला?

नवरा पहिला. मुलगा दुसरा. सुनेने आधीच स्वतःच्या आईचा कोड घातलेला होता, त्यावर मी काही बोलत नाही. काजं करणारी तिसरी, तिला चहा पाजला. डबे पोहोचवणारी बाई चौथी, तिला दोनदा पाजला. पाचव्या सासूबाई. त्यांना उजेडात खुर्चीवर बसवलं, केस विंचरले, फोन समोर धरला. ॲप म्हणे, डोळे मिटा. सासूबाई म्हणाल्या, पलीकडून बघतंय कोण? म्हटलं, कोणी नाही, मशीन आहे. म्हणाल्या, मग मशीनपुढे मी डोळे का मारू, मी तुझ्या सासऱ्यांनाही कधी मारले नाहीत. आणि डोळे जे ताठ उघडे ठेवले ते अर्धा तास मिटले नाहीत. ॲपने जिवंत माणूस म्हणून त्यांना मान्यच केलं नाही.

झालं. रविवार उद्यावर आला आणि माणूस एक कमी.

आता इथून पुढचं मी जरा भरभर सांगते, कारण हे सांगताना माझं मलाच कसंतरी होतं. मला एक बहीण आहे. धाकटी. सहा वर्षांनी लहान. पाच वर्षं आम्ही बोलत नव्हतो. का, तर आई शेवटची आजारी होती तेव्हा आम्ही दोघी पाळीपाळीने बसायचो, आणि आई गेली तेव्हा ही तिथे नव्हती. नव्हती म्हणजे काय, अर्ध्या तासापूर्वी मीच तिला घरी पाठवलं होतं, दोन दिवस अंगावर तेच कपडे आहेत, जा, आंघोळ करून ये म्हणून. मीच. आणि ती परत आली, ओल्या केसांनी, तर मी दारातच सगळ्या नातेवाइकांसमोर म्हटलं, आता काय बघायला आलीस? ताईनेच पाठवलं होतं, एवढंही म्हणाली नाही. त्यानंतर वर्षभर ती फोन करायची, मी उचलायचे नाही. मग तिने करणं सोडलं. आणि फोन येईना तशी मीच चारचौघांत सांगत सुटले, बघा, बहीण विचारतसुद्धा नाही.

पाच वर्षांत मला तिच्याकडे जायला वेळ झाला नाही, आणि त्या रविवारी झाला. दोन बस बदलून. चांगली साडी नेसून.

मी काही लोभी... जाऊ दे.

तिसऱ्या मजल्यावर राहते. जिन्यात कुणीतरी पाणी ओतून ठेवलेलं, कठडा धरून चढले. बेल वाजवली. तिने दार उघडलं, हाताला साबण, केस पांढरे झालेले, माझ्याआधी पांढरे झालेले. ती म्हणाली, "ताई?" आणि रडायलाच लागली. अहो, दारातच. मला आत ओढलं, घरातली एकुलती बरी खुर्ची पदराने पुसली, मला बसवलं, स्वतः खाली बसली, साबणाचे हात माझ्या गुडघ्यावर. साडीवर डाग पडले. म्हणाली, "माझंच चुकलं, ताई. मी जायलाच नको होतं त्या दिवशी."

माझ्या मांडीवर पर्स. पर्समध्ये फोन. फोनवर कोड उघडून ठेवलेला, बसमध्येच, वेळ वाचावा म्हणून.

आता माणसासारख्या माणसाने काय म्हणायला पाहिजे होतं? नाही गं, तुझं नाही, माझं चुकलं, मीच पाठवलं होतं तुला. एवढी दोन वाक्यं. चौथी शिकलेल्या बाईलाही येतात. आणि मी काय म्हटलं, माहितेय? मी म्हटलं, "बरं, ते राहू दे. तुझ्याकडे फोन कुठला आहे?"

हसू नका. हसा... हसलात तरी चालेल.

ती डोळे पुसत उठली, फोन आणून दिला. मी तिला सांगितलं, तुझ्या भल्याचं आहे, म्हातारपणाला उपयोगी पडतं, असं कितीतरी, मास्तरांचा आवाज काढून, चष्मासुद्धा कपाळावर चढवला असेल मी. तिने एक शंका विचारली नाही. शंभर टाकायला लागतात, ते तिने डब्यातून काढून शेजारणीला दिले आणि तिच्या फोनवरून भरून घेतले. राहता राहिला चेहरा. डोळे मिटा, उघडा. ॲप म्हणे, डोळे स्पष्ट दिसत नाहीत. पुन्हा केलं. पुन्हा तेच. दिसणार कसे, रडून सुजलेले. संध्याकाळ व्हायला आलेली, मुदत संपायला आलेली, आणि मी तिला म्हटलं, "जा, तोंड धुऊन ये."

पुन्हा पाठवलं मी तिला. कळतंय का तुम्हाला? मला नाही कळलं तेव्हा. बसमध्ये कळलं.

ती गेली, थंड पाण्याने तोंड धुतलं, आली, खिडकीपाशी उभी राहिली आणि डोळे मिटले, उघडले. मान्य झालं. मग तिने माझ्यासाठी चहा केला, मला कमी साखर लागते हे तिच्या लक्षात होतं. पहिला घोट घेईपर्यंत माझ्या पर्समध्ये खारूताईने उडी मारली, अभिनंदन, तुमची पाच माणसं पूर्ण. मी पर्स दाबून धरली. पण ते ॲप कसलं हो, त्याला पोटात काही ठेवता येत नाही. तिच्याही फोनवर वाजलं. ती वाचायला लागली आणि मी उठले, म्हटलं बस चुकेल. तिने वाचलं, फोन पालथा ठेवला आणि मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. एक अक्षर बोलली नाही. तिची तीच सवय.

दुसऱ्या दिवशी काजंवालीने मला तो संदेश दाखवला, माझ्या पाचांतली म्हणून तिलाही आला होता ना. लिहिलंय, 'अभिनंदन, तुमच्यामुळे तुमच्या ओळखीतल्या व्यक्तीला बक्षीस मिळालं.' म्हणजे धाकटीला अगदी साफ कळलं होतं की ताई पाच वर्षांनी कशासाठी आली. शेअर आला माझ्या नावावर, तुम्हाला सांगते, अख्खा, कॉलरवाल्या कंपनीचा. मास्तर म्हणाले, या मालकीणबाई. मी त्या दिवशी चाळीस कॉलर उलट्या शिवल्या आणि सगळ्या बसून उसवल्या.

चार दिवस फोन करायची हिंमत झाली नाही. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिचाच आला.

"ताई, मिळाला का तुला शेअर?"

म्हटलं, मिळाला.

"अख्खा?"

"अख्खा."

"बरं झालं," म्हणाली. मागे आमच्या मशीन बंद, पंखा तेवढा चालू, मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, तुझे शंभर मी परत देते. ती म्हणाली, "शंभर राहू दे. तुला अजून माणसं लागत असतील तर आमचे हे आहेत. माझ्या सासूबाई आहेत. नणंद आहे. पण एका रविवारी एकच. आणि कोड फोनवर सांगायचा नाही, येऊन सांगायचा."

मी घशातून काहीतरी आवाज काढला असेल. तिने त्याला हो धरलं.

मी गेले. पुढच्या रविवारी तिच्या नवऱ्याचं केलं. त्याच्या पुढच्या रविवारी तिच्या सासूबाईंचं, त्यांनी एका झटक्यात डोळे मिटले, आमच्या सासूबाईंना सांगायला पाहिजे. आणि काल नणंदेचं झालं. कोड घालायचा, चेहरा दाखवायचा, मग चहा, मग धाकटी जुन्या साड्या काढून दाखवते, आईची एक आहे, ती आम्ही दोघी नुसती घडी मोडतो आणि घालतो.

आता खरी गोष्ट सांगते, ती मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. ती बक्षिसाची योजना त्या पहिल्याच रविवारी संपली. त्यानंतर मला एक पै मिळालेली नाही. मला हे माहीत आहे. धाकटीलाही माहीत आहे, योजना संपल्याचा संदेश तिच्या फोनवरही आला असणार. मी बोलत नाही, ती बोलत नाही. ती दोन वाक्यं अजून माझ्या तोंडातून निघालेली नाहीत, जिना चढताना दर वेळी पाठ करते आणि दार उघडलं की म्हणते, चला, फोन आणा.

काल निघताना चपला घालत होते. घरातली माणसं तर संपली. मी म्हटलं, झालं गं सगळ्यांचं. धाकटीने माझी पर्स माझ्या खांद्यावर नीट केली आणि म्हणाली, "शेजारचे चांगले आहेत. खालच्यांनाही विचारून ठेवते. सहा मजले आहेत, ताई."

सहा मजले. प्रत्येक मजल्यावर चार घरं. आणि तुम्हाला सांगते, लिफ्ट नाही.