फळीवरचा पेपर

आमच्या गावच्या पेपरचा मालक बदलला, की आईला ते स्वयंपाकघरात कळायचं.

ती नागपूरहून पहिल्यांदा आमच्याकडे अमेरिकेत चँडलरला आली, तेव्हा तिनं किचनच्या कपाटात फळ्यांवर जुने पेपर अंथरले. एक पान बरोब्बर बसायचं. दोन वर्षांनी परत आली, नवे पेपर घातले, तर फळी बोटभर उघडी राहिली.

"पेपर विकत घेतला का रे कुणी?"

"हो, एका मोठ्या कंपनीनं. तुला कोणी सांगितलं?"

"पान आखूड झालंय. अशी काटकसर नवा मालकच करतो."

२००७ साली ती तिसऱ्यांदा आली, तोवर पेपर पुन्हा विकला गेला होता आणि फळी चार बोटं उघडी पडत होती. त्यातच पेपरवाल्यांचा फोन आला. नवे मालक जुन्या ग्राहकांचं मत विचारत होते. मी आईला विचारलं.

"बातम्या काय हव्या त्या छापा म्हणावं, पण फळी झाकली पाहिजे."

मी ते जसंच्या तसं इंग्लिशमध्ये सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "म्हणजे आमचा पेपर तुम्ही ठेवून देता? किती दिवस?"

मी म्हटलं, "पुढचा मालक येईपर्यंत."