सदतिसावा फोटो

तुम्ही सगळे विचारता ना, मी मॅक्रो फोटोग्राफी का सोडली? मग ऐका.

माशीचा अगदी जवळून फोटो काढला की त्यात फक्त डोळाच शार्प येतो. म्हणून फोकस केसभर पुढे सरकवत पन्नास फोटो काढायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर जोडून एक करायचे. मधे काही हललं की सगळी मेहनत पाण्यात.

रविवारी सकाळी पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या घरी मी मेलेली माशी टाचणीवर लावून बसलो होतो. वडील मागे पलंगावर.

"अरे, जरा पाणी दे. कसंतरीच होतंय."

"दहा मिनिटं थांबा, अण्णा. उठू पण नका, फरशी हलते."

"बरं."

थोड्या वेळाने परत, "झालं का रे?"

"ओ अण्णा, बसा ना गप!"

मग ते गप्प बसले. मला वाटलं, चला, एकदा तरी ऐकलं माझं.

पन्नासावा काढला आणि म्हणालो, "झालं अण्णा, हला आता."

डॉक्टरांनी विचारलं, नक्की कधी गेले? मला सांगता आलं नाही. सगळं कार्य आटोपल्यावर फोटो उघडले. पन्नासांत एकच हललाय, सदतिसावा. त्याच्या पुढचे तेरा एकदम शार्प आहेत.