मुमताज न्हायला गेली

दीपाली : पण बाबा, मुमताज या किल्ल्यात वारली हे सांगायला तुमचं काय जातं? चारशे वर्षं झाली तिला.

वसंतराव : हमाम दाखवला कालच्या ग्रूपला. नक्षी दाखवली. भिंतीतले मातीचे नळ दाखवले, एकातून गरम पाणी, एकातून थंड. तास गेला त्यातच.

दीपाली : तेच लिहिलंय त्यांनी रिव्ह्यूत. गाइड काका बढिया, सब बताया, लेकिन मुमताज का क्या हुआ?

वसंतराव : एकाने विचारलं होतं. मी म्हटलं, न्हायला गेली.

दीपाली : फिर?

वसंतराव : फिर क्या. त्यांची बस आली.

दीपाली : हसू नका. आमच्या टूर ऑफिसात ललितदादांकडे या महिन्यातली ही तिसरी तक्रार. ती इंदूरची शाळा आली होती ना, त्यातल्या एका मुलीने निबंधात लिहिलं, मुमताज आग्र्याला म्हातारी होऊन वारली. तिच्या सरांनी दादांना फोन करून विचारलं, तुमचा गाइड नेमका कोणता किल्ला दाखवतो?

वसंतराव : म्हातारी झाली असती तर बरंच होतं की.

दीपाली : सीरियसली ऐका ना. दादा म्हणाले, तुझे वडील म्हणून इतके दिवस बोललो नाही. आज परत तसंच झालं तर उद्यापासून किल्ला चेतनकडे.

वसंतराव : चेतन हमामाला स्विमिंग पूल म्हणतो.

दीपाली : म्हणू दे. पण त्याची मुमताज वेळेवर मरते. आणि तुम्ही घरी बसून काय करणार? भिंती बघणार? बावीस वर्षं हीच गोष्ट सांगत होता तुम्ही. आईला पाठ होती. कणीक मळताना तुमच्या आवाजात म्हणायची, बादशहा उशाशी होता, शेवटपर्यंत.

वसंतराव : तेच वाक्य चालू होतं माझं. त्या दिवशी. इथेच, त्या कमानीखाली. खिशात फोन वाजून राहिला होता. ग्रूपसमोर फोन घ्यायचा नाही, हा माझाच नियम. वाक्य पुरं केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग फोन पाहिला. तुझे सात कॉल.

दीपाली : माहीत आहे मला.

वसंतराव : तुझी आई तिकडे दवाखान्यात, आणि मी इथे सांगतोय, नवरा कसा जवळ बसून होता.

दीपाली : डॉक्टर तर म्हणाले होते, दुपारी घरी सोडतो. किसको पता था? बाबा, त्या बघा, आल्या. भुसावळच्या वैजयंतीताई. बाकीचे सगळे कुंडी भंडाऱ्याच्या पाण्याच्या भुयारात उतरलेत, यांचे गुडघे दुखतात म्हणून सीधा इकडे पाठवलंय. प्लीज.

वैजयंती : नमस्कार भाऊ. आधीच सांगते, मला नक्षीबिक्षीतलं काही कळत नाही. सदतीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केली मी. मला त्या चौदाव्या खेपेच्या बाईचं ऐकायचंय.

वसंतराव : सांगतो. आधी वर बघा, ताई. हे छत. लाल, निळा, हिरवा, रंग अजून टिकून आहेत. महाल सात मजली होता म्हणतात, थेट तापीच्या पात्रातून वर चढलेला. त्यातलं आता एवढंच उरलं.

वैजयंती : सुरेख आहे हो. कळा किती तास होत्या?

दीपाली : बाबा.

वसंतराव : तीस. तीस तास, म्हणतात.

वैजयंती : अगं बाई. सुईण होती ना जवळ?

वसंतराव : सुईणी होत्या, हकीम होते. मुलगी झाली. मुलगी जगली.

वैजयंती : आणि हिचं रक्त थांबलं नसणार. चौदावी खेप म्हणजे अंगात राहतंच काय. नवरा कुठे होता? आमच्याकडचे व्हरांड्यात विड्या फुंकत बसायचे.

वसंतराव : बादशहा उशाशी होता. शेवटपर्यंत.

वैजयंती : बरं. होता तर होता.

वसंतराव : सगळ्यांना गोष्टीतलं हेच आवडतं, ताई.

वैजयंती : आवडत असेल. उशाशी बसलेले मी पुष्कळ पाहिलेत, भाऊ. नंतर तेच माझ्यामागे यायचे. सिस्टर, शेवटी ती काय म्हणाली? हात हातात धरून बसलेला माणूस, आणि त्याला ऐकू आलेलं नसायचं.

वसंतराव : मी तर जवळसुद्धा नव्हतो. माझी बायको, निर्मला. मागच्या चैत्रात गेली. मी इथे ग्रूप घेऊन उभा होतो.

वैजयंती : सकाळी भेट झाली होती?

वसंतराव : डबा घेऊन गेलो होतो. म्हणाली, टोपी घालून जा. ऊन आहे.

वैजयंती : घातली?

वसंतराव : घातली.

वैजयंती : मग तुम्हाला तिचं शेवटचं ऐकू तरी आलं.

(दीपाली पाण्याची बाटली पुढे करते. वसंतराव दोन घोट घेतात.)

वैजयंती : सांगा पुढे. घाई नाही मला. बादशहाचं मग काय झालं?

वसंतराव : आठवडाभर खोलीतून बाहेर आला नाही म्हणतात. केस पांढरे झाले.

वैजयंती : आणि नंतर?

वसंतराव : नंतर आला. दरबारात लोक थांबले होते.