मोठ्या बाईंच्या आठवणींची वही

मला सांगा, नऊवारी दिसली की बाई अडाणीच असते का? कोपरीतल्या शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, गेल्या. शोकसभेत आठवणी लिहायला वही ठेवलेली. माझा नंबर आला, तर तिथे बसलेला चाळिशीचा माजी विद्यार्थी म्हणतो, "आजी, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो."

"का? माझा हात मोडलाय?" मी पेन ओढून घेतलं.

अहो, शाळेच्या गेटाबाहेर बोरं विकण्यात जन्म गेला माझा. मोठ्या बाई रोज यायच्या आणि पुडीच्या कागदावर बोट ठेवायच्या. "हे वाच, मग बोरं घेते."

"बाई, शिकवा तरी!"

"तुझी गिऱ्हाइकं पहिलीत आहेत. त्यांना विचार." आणि खुशाल रिकाम्या हाताने जायच्या! असा संताप यायचा. शेवटी हट्टाला पेटून पोरांच्या पाट्यांवरून अक्षरं लावली. पहिली अख्खी ओळ वाचली, त्या दिवशी बाईंनी माझी सगळी टोपली विकत घेऊन वर्गात वाटली.

एवढं लिहायला पानभर जागा लागणारच की! तर तो माजी विद्यार्थी म्हणतो, "आजी, आवरा, मागे रांग आहे."

पानाच्या वरच्या टोकाला त्याने स्वतः लिहिलेलं मी मोठ्याने वाचलं. "बाई फार चांगल्या होत्या." म्हटलं, "चार वर्षं शिकवलं ना रे तुला? एवढंच?"

तो गोरामोरा झाला. "बरं, खाली नाव आणि बॅच लिहा."

नाव लिहिलं. बॅचपुढे लिहिलं, 'गेटाबाहेरची.'