बरबटीच्या रोगाचा फोटो

विषाणूवर काम करताना सगळ्यात अवघड काय, माहीत आहे? रोग मिळवणं! साठीच्या दशकात मी बंगलोरला हेच करायचो. रोगट पानांच्या रसातून विषाणूचे स्फटिक करायचे, क्ष-किरणांनी त्यांचे फोटो काढायचे आणि त्यावरून विषाणूची रचना शोधायची. एकदा पानंच संपली आणि सगळं काम अडलं. बाळापूरच्या मामांच्या बरबटीवर, म्हणजे चवळीवर, तोच रोग पडला होता. 'बरबटी पाहायला येतो' असा निरोप धाडला आणि गाडीत बसलो.

मामांनी मला थेट वावरात नेलं आणि छाती फुगवून म्हणाले, "पाह्य! एक रोगी झाड ठेवलं नाई. सारं उपटून जाळलं!"

"मामा, मले रोगच पाह्यजे होता!"

"रोग? काहून?"

"त्याचा फोटो काढाचा हाये."

 मामा तडक मला शेजारच्या वावरातल्या देवरावांकडे घेऊन गेले. दोघांचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुना अबोला होता.

"देवराव, तुह्या बरबटीवर रोग हाये म्हनते. थोडा देतं काय?"

"माह्या वावरात रोग? कोन म्हनते?" देवराव भडकले.

मी घाईघाईने सांगितलं, "काका, बंगलोरले मोठ्या मशीनवर त्याचा फोटो निघनार हाये."

देवराव एकदम निवळले. त्यांनी स्वतः पोतंभर पिवळी पानं तोडून दिली. "घेऊन जाय. पन सांगजो तिथं, वावर देवरावचं हाये."

पोतं घेऊन आम्ही परतलो. घराजवळ आल्यावर मामा हळूच म्हणाले, "याच्यापेक्षा माहा रोग भारी होता रे!"