ऋतुराज आणि माझं नाक

...नाही, मी म्हणते, यायचं तर सरळ ये ना! दबक्या पावलांनी काय येतोस, चोर आहेस का? मासिकाच्या वसंत विशेषांकातल्या कवितांची मुद्रितं मी तपासते, आणि तुम्हाला सांगते, जी कविता उचलावी तिच्यात हा आपला फुलांचा शेला सावरत, कुणाच्या तरी कानात कुजबुजत... आला म्हणे ऋतुराज!

आमच्याकडे कसा येतो माहितीये? आई पंख्याचं बटण दाबते, आणि हिवाळाभर पात्यांवर साठलेली धूळ सगळी धुतलेल्या चादरीवर! "अगं, आधी पुसायचा नाही का पंखा?" हे मलाच! बटण दाबलं कुणी? मग खिडकीतून परागकण, मग माझं नाक, मग शिंकांवर शिंका... आला म्हणे ऋतुराज!

म्हणून मीच लिहिली. आयुष्यातली पहिली कविता! पंखा, धूळ, शिंक, सगळं खरं. संपादकांनी वाचली, चष्मा कपाळावर ढकलला. "छान आहे गं, पण... शिंक कवितेत बसत नाही."

"सर, शिंक बसत नाहीच, ती येते!"

"एक कोकिळा घाल. लगेच छापतो."

"पण कोकिळा गातच नाही, सर! गातो तो नर. कोकीळ!"

"तो यमकात अडतो. कोकिळेला कसा, गळा आहे, मळा आहे, लळा आहे..."

"कोकीळला शीळ आहे की!"

शेजारच्या टेबलावरचा चित्रकार खोकल्याच्या निमित्तानं हसून घेतोय. संपादक म्हणाले, "पोरी, वाचकांना वसंत हवाय, सर्दी नको."

मग मी ठणकावलंच. कॉलेजात वक्तृत्वाची ढाल काय उगीच मिळाली? म्हटलं, "छापायची तर शब्दन् शब्द तशीच छापा, नाहीतर परत द्या! पहिलीच कविता खोटी नाही छापून घेणार मी!"

"बरं," म्हणाले. एवढंच.

कवितांच्या मुद्रितांत माझी आलीच नाही. म्हटलं, गेली टोपलीत. पण अंक हातात आला, कवितांची पानं संपली, एकेक कोकिळा गाऊन दमली, आणि पुढे... माझी कविता! शब्दन् शब्द तशीच. शिंकसुद्धा! माणसानं शब्द पाळला हो! फक्त ओळी सलग जोडलेल्या, आणि वर सदराचं नाव, 'तुमचे आरोग्य'.

जिंकलेच की मी! एक अक्षर सोडलं नाही! वाचकाचं पत्रसुद्धा आलं. कोकिळावाल्या एका तरी कवीला आलं का? मलाच आलं! भर कार्यालयात मोठ्यानं वाचलं.

"ताई, वाफ घ्या."

...घेतेय.